गेरूचे सतरा दगड

किसन, काल शाळेत तुझी शोकसभा झाली आणि मला ओकारी यायची तेवढी बाकी राहिली.

पहिले बोलले ते पाटील. ज्यांचं टपाल तू जिंतूरहून सायकलवर आणायचास आणि जे तुला ते ओट्याच्या कडेवर ठेवून बाजूला सरक म्हणायचे, तेच पाटील. म्हणाले, किसन म्हणजे या गावचा हिरा होता. असं म्हणून उपरण्यानं डोळे टिपले. खरंच पाणी होतं डोळ्यांत, मी पुढंच बसलो होतो. मग मला उठवलं. मास्तर तर किसनचे जिवाभावाचे सोबती, दर रविवारी दोघं मिळून डोंगर पालथे घालायचे, त्यांनी दोन शब्द बोलावेत. मी उठलो आणि तुझ्या प्रामाणिकपणावर पाच-सात मिनिटं बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत हे यांना कुणी शिकवलं नाही, आणि शिकवायचं काम माझंच होतं.

प्रामाणिकपणा हा शब्द माझ्या तोंडातून निघाला तेव्हा मला माझीच किळस आली. म्हणून आता भाषण नाही. सहा वर्षं जे तुला सांगितलं नाही ते सांगतो. झऱ्याच्या वाटेवरच्या त्या दगडांना गेरू मी लावला होता.

लिहिलं एकदाचं. आता बाकीचं.

मी पाथरीकडचा माणूस. आमच्याकडं जमीन इतकी सपाट की सायकल सोडून दिली तर तशीच उभी राहील म्हणायचे लोक. तुमच्या गावात बदली झाली तेव्हा चारी बाजूंचे ते बोडके डोंगर बघून माझा जीव घाबरा झाला. झाड म्हणावं तर हिवर आणि बाभळी, गवत म्हणावं तर कुसळी, बाकी नुसता काळा दगड. पहिल्या महिन्यात तू रजिस्टर पत्र घेऊन शाळेत आलास आणि सहीसाठी वही पुढं करत म्हणालास, "मास्तर, ऐतवारी काय करता तुमी?" मी म्हटलं, कपडे धुतो. "कपडे शनवारी धुवा. ऐतवारी आपून डोंगर बघाय जाऊत."

सहा दिवस तू थैली घेऊन डोंगरातल्या वाड्या-तांड्यांवर फिरायचास, सायकल अर्धी वाट चालवायचास आणि अर्धी खांद्यावर घ्यायचास. सातव्या दिवशी तरी माणूस आडवा होईल की नाही. मी हे विचारलं होतं तुला. तू म्हणालास, "सहा दिवस टपाल नेईल तिकडं जायाचं. एक दिस तर आपल्या मनानं." याच्यावर मी हसलो होतो. आता वाटतं, तुझ्या आयुष्यातला तेवढाच एक दिवस तुझा होता आणि त्यातलाही अर्धा तू मला दिलास.

काय काय वाटा दाखवल्यास. गुरांची वाट वाकडीतिकडी, खुरट्या झुडपांना विचारत जाणारी. शेळ्यांची वाट कड्याच्या तोंडाशी जाऊन अचानक नाहीशी होणारी. माणूस घाईनं गेलेली वाट सरळ खिंडीला भिडणारी. आणि एकदा, पालथं टोक म्हणतात त्या सुळक्याखाली उभा राहून तू म्हणालास, "ही वाट चढायलाव असं वाटतंय का तुमाला?" नव्हतं वाटत. अर्धा डोंगर चढून आलो होतो तरी दम लागला नव्हता. "ही बायांची वाट हाय. डोक्यावर घागर आसली की माणूस चढ टाळतंय. ज्या वाटंचा चढ पायाला कळंना, ती पाण्याकडं जायाची." पाचवीच्या भूगोलात असलं काही नाही रे. मी वीस वर्षं भूगोल शिकवतोय.

माझ्या ट्यूबमध्ये दर रविवारी बाभळीचा काटा जायचा आणि तू दगडावर बसून सोल्युशन लावत मला बोलायचास. "मास्तर, तुमी काटा हुडकून त्याच्यावरूनच सायकल नेताव." आणि एका उताराला माझे ब्रेक गेले तेव्हा तू खालून ओरडून सांगितलंस, पाय सोडा, झुडपात घाला. मी झुडपात घातली. दोन दिवस वर्गात बसताना मला त्रास झाला. तू मात्र त्या घाणेरीच्या झुडपापाशी आलो की दरवेळी थांबून नमस्कार करायचास, हिनं आमच्या मास्तरला वाचवलं म्हणून.

मी तुला पहिल्या दिवसापासून अरे-तुरे करत होतो आणि तू मला तुमी. मी तुझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. एकदा मी मोठ्या मनाचा आव आणून म्हणालो, किसन, तूही मला तू म्हण. तू म्हणालास, "डोंगरात म्हणीन, अन् गावात उतरल्यावर जीभ घसरली तर?" मग डोंगरातही म्हणाला नाहीस. मी तो विषय सोडून दिला, कारण खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं.

मग तो बहात्तरचा दुष्काळ. गावची विहीर आटली, तुमच्या वस्तीचा आड तर त्याच्याही आधी आटला. अर्धं गाव सरकारी कामावर खडी फोडायला, आणि प्यायच्या पाण्याला टँकरची वाट बघत बसलेलं. अशात एका रविवारी तू मला त्या घळीत घेऊन गेलास. ती तीच बायांची वाट होती, वापर मोडून कैक वर्षं झालेली, दगडगोट्यांत हरवलेली, तू पायानं हुडकून काढलेली. कपारीत हात घालायला लावलास. गार पाणी होतं. बारीक धार, पण अखंड. तुमच्या वस्तीच्या बाया पहाटे जाऊन दोन-दोन घागरी आणतात हे मला तेव्हा कळलं. तू म्हणालास, "मास्तर, तुमाला दावलं कारण तुमी आपले. पण कुणाला सांगू नका. गावाला कळलं की आमचं पाणी गेलं." मी तुझ्या हातावर हात मारून वचन दिलं.

आणि खरंच मी कुणाला सांगितलं नाही. इथंच तर माझ्या अकलेची कमाल आहे.

मला तो झरा एकट्यानं शोधून जायचा होता. आता विचारशील कशाला. तर मला तुझ्यावाचून एक तरी वाट यावी असं वाटत होतं. तू थट्टेनं म्हणाला होतास ना, मास्तरला शाळेची वाटसुद्धा फळ्यावर काढून द्यावी लागते. ते मला लागलं होतं. तू हसत म्हणालास, मी हसत ऐकलं आणि मनात धरून ठेवलं. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी कपाटातला गेरूचा डबा घेतला. सव्वीस जानेवारीला भिंतीच्या खालच्या पट्ट्याला लावून उरलेला. तू थैली घेऊन पलीकडच्या तांड्यावर गेला होतास. मी ओढ्यापासून झऱ्यापर्यंत ज्या ज्या वळणावर माझी चूक व्हायची तिथं एका-एका दगडाला खूण केली. सतरा दगड. आधी बाण काढणार होतो, पण ओबडधोबड दगडावर बाण नीट येईना आणि ऊनही तापलं होतं. म्हणून बोटानंच गोल ठिपके दिले. बाण काढायचा कंटाळा केला नसता तर पुढचं काहीच झालं नसतं. बाणाला कुणी कुंकू लावत नाही.

गोल ठिपक्याला लावतात. आठवड्याच्या आत सरपण गोळा करणाऱ्या एका म्हातारीनं ओढ्याकाठचा पहिला दगड बघितला आणि त्याच्यावर हळद-कुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी दोघीजणी आल्या. त्यांना दुसरा दगड दिसला, मग तिसरा. दगडामागून दगड धरत अख्खं गाव घळीत पोचलं आणि समोर पाणी. दुष्काळात, बोडक्या डोंगरात पाणी. देवी प्रगटली म्हणून गावात बोंब झाली. आठ दिवसांत सतराही दगडांवर शेंदूर चढला, झऱ्याच्या तोंडाशी झेंडा लागला, चार लिंबं टांगली गेली. आणि पहाटे घागरी घेऊन गेलेल्या तुमच्या बायांना पाटलांच्या माणसांनी परत पाठवलं. काय म्हणाले ते तूच मला सांगितलं होतंस. "तुमी तर देव सोडलाव. मग देवाचं पाणी कशाला लागतंय तुमाला?"

तुझ्या वडलांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव ओढ्यात सोडले होते. त्याच ओढ्यापासून मी नवे सतरा देव मांडून दिले.

हे मी त्या दिवशीच सांगायला हवं होतं. पारावर उभं राहून म्हणायचं, अहो, हा शाळेचा गेरू आहे, हा डबा बघा. दोन वाक्यांचं काम. मी ते आज सांगतो उद्या सांगतो करत राहिलो. आधी वाटलं, शाळेचा गेरू डोंगरात नेला म्हणून वर कुणी तक्रार करेल. मग वाटलं, देवीची थट्टा केली म्हणून गाव चिडेल. मग इतके दिवस गेले की इतके दिवस का नाही बोललास याचंच उत्तर माझ्याकडं उरलं नाही. भित्रा माणूस कारणं शोधायला लागला की त्याला कधी कमी पडत नाहीत.

तू अर्ज केलास. चौकशीला साहेब आले, झऱ्याचं पाणी प्याले, नारळाची खिरापत खाल्ली आणि इथं कुणाला मनाई आहे असं दिसत नाही म्हणून लिहून गेले. खिरापत खाताना ओठाला चिकटलेलं खोबरं ते जिभेनं काढत होते, ते तोंड मला अजून दिसतं. त्यांच्यासमोर तू मला म्हणालास, "मास्तर, तुमी तर शिकलेलं माणूस. वरला शेंदूर खरवडला तर खाली गेरू निघतोय. शाळंच्या भिंतीला असतोय तसला. तुमी नुसतं तेवढं सांगा की." किती सरळ दार उघडून दिलं होतंस. आणि मी काय म्हणालो? मी सरकारी नोकर, असल्या गोष्टीत पडता येत नाही. तूही सरकारी नोकरच होतास. तू मान हलवलीस आणि सायकल काढून निघून गेलास.

त्या रविवारी तू येणार नाहीस असं मला वाटलं होतं. आलास. काटा निघाला, ट्यूब जोडली, झुडपाला नमस्कार केलास. त्यानंतर सहा वर्षं आपण फिरलो, फक्त त्या घळीकडं कधी वळलो नाही. मध्येच एखाद्या चढावर दम खायला बसलो की तू म्हणायचास, "बोला मास्तर, काही बोलायचंय का?" मी म्हणायचो, कशाबद्दल? "असंच," म्हणून तू उठायचास. दुष्काळ सरला तरी वस्तीच्या आडाला पुन्हा पाणी लागलं नाही, आणि सुभद्रावहिनी ती सहाही वर्षं पलीकडच्या नदीच्या वाळूत झिरा खणून पाणी आणत होत्या, जायला एक तास आणि यायला त्याहून जास्त. तेच गाळाचं पाणी तुम्ही पीत होतात. तुला कावीळ झाली, आणि कशानं झाली हे डॉक्टरांना विचारायची माझी हिंमत झाली नाही.

काल टाळ्या घेऊन घरी गेलो, झोप आली नाही. आज सकाळी वहिनींकडं गेलो. त्या सुपात ज्वारी निवडत बसल्या होत्या. मी दारातच उभा राहून म्हणालो, वहिनी, त्या दगडांना गेरू मी लावला होता. त्यांचा हात थांबला नाही. म्हणाल्या, "ठावं हाय."

"किसनला?"

"त्यांनीच तर सांगितलं. तुमच्या सायकलच्या मुठीला लाल लागलेलं व्हतं म्हणले. देवी निघाली त्याच हप्त्यात."

"मग तो बोलला का नाही मला कधी?"

"मी बी तेच भांडायची. तर म्हणायचे, माझं गाव ऐकत न्हाई. मास्तरनं आपून सांगितलं तर ऐकल. अन् म्या तोंड उघडलं, मास्तर न्हाई म्हणले, तर मग मी त्यांच्यासंगट फिरू कसा?" वहिनींनी सुपातला खडा उचलून बाहेर टाकला. "दर ऐतवारी घरला आले की मी इचारायची, बोलले का मास्तर? आज बी न्हाई, म्हणायचे. दवाखान्यात बी इचारलं म्या. तवा हसले नुसते."

किसन, तुला राग यायला हवा होता. तू मला त्या घळीत नेऊन चार शिव्या दिल्या असत्यास, कॉलर धरली असतीस, तर मी त्याच दिवशी बोललो असतो कदाचित. तू थांबलास. मी सांगेन म्हणून सहा वर्षं थांबलास आणि मी प्रत्येक रविवारी पंक्चरचं सामान घेऊन हजर. तुझ्या या थांबण्याचाही मला राग येतो. मेलेल्या माणसावर रागवायची माझी लायकी नाही, तरी येतो.

तिथून तसाच पारावर गेलो. पाटील होते, आणखी दहा-पंधरा माणसं होती. सगळं सांगितलं. डबा, शनिवार, सतरा ठिपके, तुला दिलेलं वचन. मला वाटलं, आता मार पडेल. पडला असता तर किती बरं झालं असतं. पाटलांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, तुमाला वाटलं तुमी गेलाव. आवो, तिनंच नेलं तुमाला. तुमच्या हातानं लावून घेतलं."

मी म्हटलं, शाळेच्या कपाटातला गेरू होता तो. "मग? इद्येच्या घरातला. चांगलाच की." मी म्हटलं, मला वाट चुकायची भीती वाटत होती म्हणून लावला. "आन् तिला तहानलेलं गाव दिसत व्हतं म्हणून तिनं लावला," पाटील म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकजण उठून माझ्या पाया पडला. माझ्याच वर्गात शिकलेला, मी त्याला मॅट्रिकपर्यंत ढकललेला. यंदाच्या जत्रेत पहिला नारळ मास्तरांच्या हातानं, असं तिथल्या तिथं ठरलं, आणि कुणीतरी दुकानातून एक नारळ आणून माझ्या हातात ठेवलासुद्धा.

मी तो घेतला. फेकला नाही, पाटलांच्या डोक्यात घातला नाही. हात आपोआप पुढं झाले आणि घेतला. सत्य सांगितल्यावर माणूस हलका होतो म्हणतात. मला अंगावर कुणी थुंकल्यासारखं वाटत होतं, आणि तो नारळ बगलेत धरून मी गल्लीतून चालत होतो.

वहिनींना हे सांगितलं तर त्या हसल्या. तू गेल्यापासून पहिल्यांदा हसल्या असाव्यात, कारण आतून तुझी सून बघायला बाहेर आली. म्हणाल्या, "मग बेस झालं. उद्या त्यांच्या पुण्यानुमोदनाला माणसं येणार, सैपाकाला पाणी लागणार. आमी अकरा बाया झऱ्यावर जायलोत. देवानं ज्याचा हात धरला त्याला आडवायची कुणाची छाती हाय? तुमी म्होरं चला."

मी विचारलं, आणि अडवलं तर?

"आडवलं तर आडवलं. आमाला त्याची सवय हाय. तुमाला न्हाई, म्हणून तर म्होरं चला म्हणायलेय."

मी येतो म्हणालो आहे. उद्या सूर्य उगवायच्या आत ओढ्यापाशी उभं राहायचंय. तुझ्याशी खोटं बोलत नाही, मला भीती वाटते आहे. पाटलांना दोन्ही बाजूंनी बोलता येतं. आज जो देवाचा हात आहे तो उद्या देवी बाटवणारा होईल, पोरं शाळेतून काढतील, बदलीसाठी अर्ज जातील, आणि हे सगळं आत्ता लिहितानासुद्धा माझं मन कारणं गोळा करतंय, अंगात ताप आहे का म्हणून मघाशी मी स्वतःच कपाळाला हात लावून बघितला. इतका मी अजून तसाच आहे. फरक एवढाच की आता वाट बघणारा तू नाहीस. वहिनी आहेत, आणि त्यांनी मला निघताना स्वच्छ सांगितलंय, सूर्य वर येईपर्यंत थांबू, मग तुमच्याबिगर जाऊ.